काटा आणि काठी

विमानाच्या टाकीत इंधन किती उरले आहे हे वैमानिकासमोरच्या काट्याला कळवणारे जे उपकरण टाकीच्या पोटात बसवतात, त्याला सेंडर म्हणतात. आणि त्याचे गोत्र शोधू गेल्यास ते मुंबईतील कोणत्याही सोसायटीच्या गच्चीवरील टाकीतल्या बॉलकॉकपर्यंत सहज पोहोचते. दोन्हींत दांड्याच्या टोकाला एक तरंगता गोळा असतो, आणि दोन्ही बिघडल्याचे संबंधितांना उशिराच समजते. मात्र बॉलकॉकचा दांडा पाणी अडवतो, तर सेंडरचा दांडा एका रोधकावर, म्हणजे विजेला कमी-अधिक अडवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर सरकतो आणि त्या अडवणुकीवरून काटा हलतो. घासून घासून वेटोळे झिजले, की काटा अर्ध्या टाकीवरून एकदम शून्यावर येतो आणि क्षणात पुन्हा अर्ध्यावर जाऊन बसतो.

गच्ची आणि विमान यांचे नाते मुंबईला नवीन नाही. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले, ते २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ साली त्याची नोंदणीही झाली. घरच्या विमानाची खरी अडचण बांधणीनंतर सुरू होते: मिस्त्री तोच, गिऱ्हाईकही तोच, त्यामुळे सेंडर बिघडल्यास भांडायला कोणी सापडत नाही.

सेंडर बदलण्याची रीत साधी, पण चिकट आहे. आधी अर्थिंगची तार तपासावी, कारण गंजलेल्या तारेचे पाप पुष्कळदा निर्दोष सेंडरच्या माथी मारले जाते. मग टाकी रिकामी करून स्क्रू व जुना सेंडर काढावा, नवा सेंडर ठेवून नवे गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची गळती रोखणारी चकती, पेट्रोलला दाद न देणाऱ्या लुकणाने बसवावे आणि मापाने इंधन ओतत काट्याच्या खुणा जुळवाव्यात. शेपटीला चाक असलेले विमान जमिनीवर नाक वर करून बसते व इंधन टाकीच्या मागच्या बाजूला जमते, म्हणून या कामापुरती शेपटी उचलून विमान समतल धरावे लागते.

एवढे करून मिळते काय? प्रमाणित छोट्या विमानांसाठी अमेरिकेतील नियमाने ठरवून दिले, की सरळ उड्डाणात वापरण्याजोगे इंधन संपताच काट्याने शून्य दाखवावे. यावरून काटा फक्त रिकाम्या टाकीत खरे बोलण्यास बांधील आहे, असा सोयीस्कर अर्थ वैमानिकांत रूढ झाला. मृत्युपूर्व जबानीला न्यायालय मान देते, त्यातलाच हा प्रकार. पण काट्याला वगळून नुसत्या हिशेबावर विसंबणेही महागात पडते: २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ काटे बंद असताना हिशेबात किलोच्या जागी पौंड धरून उडाले आणि इंधन संपल्यावर गिमली येथील जुन्या हवाई तळावर तरंगत उतरले.

जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या प्रवासात अहमदाबादला इंधन बैलगाडीतून आले होते. बैलगाडीवरचे डबे मोजायला सेंडर लागत नाही. पुढे स्कूटर एका अंगावर कलती करून, टाकीला कान लावून रिझर्व्हचा अंदाज घेणारी मुंबईकरांची पिढी झाली, पण विमान कलते करून उरलेले थेंब इंजिनापर्यंत आणण्याची विद्या तिच्याकडेही नाही. म्हणून नवा सेंडर बसवल्यावरही उड्डाणापूर्वी टाकीत खुणांची काठी बुडवून पाहावी, विशेषतः जुहूला. तेथे धावपट्टीच्या पश्चिम टोकापलीकडे जुहू तारा रोड आहे आणि त्यापलीकडे अरबी समुद्र.