हनुवटीचा टवका

"काहून वो काकू, तुमची सून सकाळपासून बादलीत काय घोळून रायली?"

काकूंनी मेथीची जुडी भिंतीवरच ठेवली. म्हणजे गेला अर्धा तास.

"प्लास्टर, माय. महालक्ष्म्यायचे मुखवटे."

मुखवटे आजेसासूबाईंच्या वेळचे, शाडूचे. वाटण्या झाल्या, ते थोरलीकडे म्हणजे काकूंकडे अमरावतीत राहिले. धाकटी जाऊ अकोल्याला, जठारपेठेत. यंदा तिला तिच्या घरी महालक्ष्म्या बसवायच्या.

"तिनं मागतले. मी कायले देतो? पाह्यतो म्हटलं. सून म्हणे, सिलिकॉनचा साचा करतो. पयल्या खेपेले हार्डनर अंदाजानं टाकलं, भाजीत मीठ टाकल्यावाणी. दोन दिवस झाले तरी आपलं श्रीखंडच! मंग सोनाराचा काटा आणला. 100 ग्रॅमले 3 ग्रॅम. आंधी ब्रशनं पातळ थर, नाकापाशी बुडबुडा नाही राह्यला पाह्यजे. मंग एका कोपऱ्यातून बारीक धार."

"अन् निघाला?"

"निघाला ना! रबरावाणी वाकवला का मुखवटा सुटला. मंग त्यात शाडू भरला, तं चार दिवस वल्लाच. ओढला तं नाक आतच राह्यलं."

यावर आमच्या ओळखीचे एक कुंभारकाका पोट धरून हसले होते. माती सुटायला पाणी पिणारा साचा लागतो, प्लास्टरचा. तो पाणी ओढतो, माती जराशी आकसते आणि कडा सोडते. सिलिकॉन थेंबभरही पीत नाही. त्यात ओतायचं ते आपल्या आपण घट्ट होणारं हवं.

"म्हणून प्लास्टर. अर्ध्या तासात गरम होऊन टणक! पण थे सिलिकॉन लय चावट, माय. कायीच सोडत नाही. सासूबाईच्या हातून एकदा ज्येष्ठा पडली व्हती, हनुवटीचा टवका उडाला. नकलेलेही थोच टवका! रंगाखालूनही दिसते."

"मंग अकोल्याले धाडले?"

काकूंनी मागे वळून सून ऐकत नाही ना ते पाहिलं.

"धाडले. धाकटीनं टवका पाह्यला अन् फोनवर रडलीच. म्हणे, वहिनी, खरे मुखवटे देले, लय मोठं मन तुमचं."

"मंग तुम्ही?"

"मी काय म्हणू? व्हय म्हटलं." मेथीची दोन पानं खुडली. "आता थे मधलीच्या कानी गेलं. बडनेऱ्याहून फोन, धाकटीले खरे देले, मले काहून नाही? अनुराधा नक्षत्राच्या आत रंग वाळाले पाह्यजे. म्हणून तं आज पुन्हा बादली."