इयत्ता चौथी, तुकडी पालक

विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवर एक निबंध लिहिला. हेतू ठरवणे, आखणी करणे, काम तडीस नेणे आणि झालेले काम जोखणे, हे चारही टप्पे मुलांनीच पार पाडावेत, असा त्याचा आग्रह होता. मराठी घरांनी या टप्प्यांची रीतसर वाटणी करून टाकली आहे. हेतू शाळेचा, आखणी आईची, तडीस नेणे बाबांकडे आणि जोखणे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मुलाने मुखपृष्ठावर नाव घालायचे. तेही खाडाखोड नको म्हणून आधी पेन्सिलीने लिहून दिलेले.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या मागोमाग महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत प्रकल्पाला मानाची जागा मिळाली. तोंडी काम, प्रात्यक्षिक, चाचणी वगैरे बाकीची साधने बिचाऱ्या मुलाला एकट्यानेच निभवावी लागतात. पालकांना हात धुऊन घ्यायला जागा काय ती एवढीच. ती दवडू नये.

प्रकल्पाची बातमी रात्रीची जेवणे उरकल्यावर आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने शटर ओढल्यावर फुटते. “आई, उद्या सूर्यमाला न्यायचीय.” यावर “बाईंनी कधी सांगितलं होतं?” असे विचारू नये. उत्तर ऐकून कुणाचेही भले झालेले नाही. त्यापेक्षा कार्डशीट, मार्बल पेपर, आइस्क्रीमच्या काड्या आणि चमकी यांचा साठा डाळ-तांदळासारखा घरात कायम ठेवावा. पुणेकरांना अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांचा आधार असतो खरा, पण तो दिवसाउजेडी.

आता थर्माकोल. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी घातली. तरी ‘पर्यावरण वाचवा’ या विषयाला थर्माकोलच लागतो, अशी पालकवर्गाची श्रद्धा आहे. बाबांनी एक पथ्य मात्र पाळावे : चपला चिकटवायचा पिवळा गोंद त्याला लावू नये. त्यातले द्रावक थर्माकोल विरघळवते. स्प्रेच्या डब्यातला रंगही तेच करतो, आणि रात्री साडेअकराला गुरू ग्रह डोळ्यांदेखत खचत जातो. पांढरा, पाण्यात मिसळणारा गोंद आणि पोस्टर कलर वापरावेत. वाळायला वेळ लागतो. तेवढ्यात चहा होतो.

बाबा इंजिनिअर असतील तर धोका वाढतो. त्यांना प्रमाण हवे असते. पृथ्वी ज्वारीच्या दाण्याएवढी, म्हणजे चार मिलिमीटरची धरली, तर सूर्य साधारण ४४ सेंटिमीटरचा होतो आणि दोघांत ४७ मीटर अंतर सोडावे लागते. नेपच्यून जातो जवळजवळ दीड किलोमीटरवर, म्हणजे शाळेच्या आवाराबाहेर. हे कागदावर सोडवून झाले, की बाबांना झोपायला पाठवावे आणि आईने सगळे ग्रह एकाच पुठ्ठ्यावर बसवावेत. आजोबांनी आणून दिलेला नववा गोळा सविनय परत करावा. प्लूटोला २००६ मध्येच ग्रहांच्या यादीतून वगळले आहे.

सगळ्यात अवघड कला म्हणजे बेतशीर वाकडेपणा. काम फार नेटके झाले तर बाईंना संशय येतो, फार गबाळे झाले तर शेजारच्या मुलाचे, म्हणजे त्याच्या आईचे, काम उठून दिसते. तेव्हा एखादे लेबल तिरके लावावे, ‘बृहस्पती’ऐवजी ‘गुरू’ लिहावे. अक्षर डाव्या हाताने काढणारे काही पालक आहेत. त्यांची साधना मोठी.

हीच मुले दिवाळीच्या सुट्टीत दगड, माती आणि जुनी पोती गोळा करून तासन्‌तास किल्ला करतात, मावळ्यांच्या जागेवरून भांडतात आणि मोठ्यांना जवळही फिरकू देत नाहीत. त्याला गुण नसतात, हे त्याचे कारण असावे.

सकाळी रिक्षा यायच्या आत मुलाकडून ग्रहांचा क्रम पाठ करून घ्यावा. वर्गात “हे तू केलंस?” असा प्रश्न येतोच. “आईने थोडी मदत केली,” एवढे उत्तर पुरते. ते आरशासमोर दोनदा म्हणवून घ्यावे.

वर्षअखेरीस सूर्यमाला घरी परत येते. ती धाकटीसाठी माळ्यावर ठेवावी. तिलाही त्याच बाई असतील तर ग्रहांचे रंग बदलावेत, पण शनीच्या कड्यांना हात लावू नये. ती एकदा निघाली की पुन्हा बसत नाहीत.