ठेंगण्या घोड्यांची पागा : साडभाऊंसाठी सूचना

नागपुरात नोकरी संपवून कचारगडाच्या पायथ्याशी शेती घेणाऱ्या आणि तिथे मिनिएचर घोडे पाळू पाहणाऱ्या गृहस्थांसाठी या सूचना आहेत. असे गृहस्थ सध्या माझ्या माहितीत एकच आहेत. ते माझे साडभाऊ.

आधी सातबारा वाचावा, घोडा नंतर. सालेकसा तालुक्यातली जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून ती बिगर-आदिवासीच्या नावावर चढत नाही. "ओळखीने होऊन जाते" म्हणणाऱ्याची ओळख फक्त चहा टपरीवाल्याशी असते.

मग घोडा मोजावा. अमेरिकेतल्या मिनिएचर हॉर्स असोसिएशनला ३४ इंचांपर्यंतचाच घोडा चालतो, आणि माप डोक्यापर्यंत नाही, आयाळीच्या शेवटच्या केसापर्यंत घेतात. जेवणाच्या टेबलाहून चार बोटं उंच, एवढाच ऐवज. धनेगावात उतरवला की पहिला प्रश्न येईल, "घोडा हाये जी का कुत्रा?" याला इंग्रजीत उत्तर देऊ नये.

आता छप्पर. साडभाऊंना निळा पत्रा हवा आहे, कारण तो रस्त्यावरून दिसतो. मे महिन्यात गोंदिया जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि या घोड्यांच्या अंगावर दाट केस. पत्र्याखाली घोडा शिजेल. कवेलू थंड राहतात, पण माकडं ते फोडतात. निम्म्या गावाने पत्रा घातला तो हौसेने नाही, दर पावसाळ्याआधी कवेलू फेरून कंबर मोडली म्हणून. तेव्हा पत्राच घालावा, पण उंच, आणि त्यावर तणसाचा जाड थर बांधावा. निळा रंग झाकला जाईल. इलाज नाही.

भिंत पूर्ण उठवू नये. या डोंगरातल्या गुहेत कोंडलेल्या लेकरांना पारी कुपार लिंगोने सोडवलं, अशी गोंडी लोकांची कथा आहे. त्याच डोंगराखाली तुम्ही कोंदट खोली बांधणं बरं दिसत नाही. शिवाय मोठ्या घोड्याच्या मापाने चार फुटी आडभिंत घातली, तर या घोड्याला आयुष्यभर फक्त वीट दिसते. भिंत अडीच फूट, वर जाळी, म्हणजे शेजारी दिसतो. फटी मात्र खुरापेक्षा लहान असाव्यात. दाराखाली वीतभर मोकळं सोडलं तर तिथून निसटायचा प्रयत्न तो करणारच.

खरी गोष्ट जमिनीची, आणि तिच्याबद्दल साडभाऊ एक अक्षर बोलत नाहीत. घोडा ठेंगणा म्हणजे त्याचं नाक जमिनीजवळ, आणि मुताचा उग्र वास तिथेच साचतो. तुम्ही उभे राहून हुंगलं तर काही कळणार नाही. उकिडवं बसून हुंगा. मुरूम चोपावा, आठ फुटांत दोन इंच उतार द्यावा, नाली बाहेर काढावी. नालीचा फोटो चांगला येत नाही, हे मला मान्य आहे.

अंथरायला तणस, ते इथे भरपूर. पण घोडा अंथरूण खातो, आणि वर पाणी कमी प्यायला तर पोटात गोळा होतो. पाण्याची बादली फूटभर उंचीवर टांगावी. दाणा मूठभर. पाहुण्यांनी लाडाने तांदूळ चारू नयेत. जास्त दाण्याने याचे खूर आतून सुजतात आणि घोडा लंगडतो. पाहुण्यांना आवरणं हे पशुवैद्यकाचं काम नाही.

रात्री दार लावावं. बिबट्या अमेरिकन नियमावली वाचत नाही.

माघ पौर्णिमेला यात्रेत लाखो माणसं येतात, ढोल वाजतात. घोड्याने बुजावं आणि साडभाऊंनी तक्रार करावी, असं करू नये. यात्रा तुमच्या सातबाऱ्याच्या फार आधीची आहे.

हे सगळं लिहिताना समोर शेजाऱ्याचा कोठा दिसतो. कुडाची भिंत, तट्ट्याचं दार, आत दोन कठाणी बैल. ठेंगणे, काटक, धानाच्या बांधीतल्या चिखलात दिवसभर चालणारे. करनालच्या राष्ट्रीय संस्थेने या जातीची नोंद केली आहे. शेजाऱ्याला नोंदीचं काही सांगितलं नाही, तो बैलांच्या पाठीवर हात फिरवत होता. त्याच्या कोठ्यात उतार बरोबर आहे. कोणी इंजिनिअर आला नव्हता. साडभाऊंनी आधी तिथे तासभर बसावं, मग माझ्याकडे नकाशा पाठवावा. नकाशात आत्ता सीसीटीव्ही आहे, स्वागत कमान आहे, "अश्वमेध फार्म" असा फ्लेक्स आहे. गव्हाण नाही.

शेवटचं, घोडा एकटा ठेवू नये. कळपातलं जनावर आहे, एकटं झुरतं, लाकूड कुरतडतं. दुसरा घोडा परवडत नसेल तर सोबतीला बकरी चालते. फक्त फ्लेक्स वर बांधावा लागेल.