वेळच मिळत नाही हो!

आमच्या हॉलमध्ये टीव्ही आणि पुस्तकं एकाच फर्निचरमध्ये नांदतात. सुताराने बिलात त्याला 'टीव्ही युनिट' म्हटलंय, त्यामुळे घर कुणाच्या नावावर आहे हे स्पष्ट आहे. मधली भिंत टीव्हीची, पुस्तकांना कडेचे दोन खण. त्यातल्या एकात गणपती आणि नातवाची ढाल. उरलेल्यात 1967 सालची 'मृत्युंजय' आडवी पडून सेट-टॉप बॉक्सला टेकू देते. जाडी अगदी मापाची! कर्णाच्या नशिबी शेवटपर्यंत दुसऱ्याचा भार वाहणंच.

येणारा प्रत्येक पाहुणा त्या खणाकडे बघून हळहळतो. "वाचनाची फार आवड हो, पण वेळच मिळत नाही." हे सांगून तो रिमोट मागतो. मग मालिकेतल्या सासूने तिजोरीची किल्ली कुठे लपवली, इथपासून चार वर्षांचा इतिहास आम्हाला तोंडपाठ ऐकवतो. मधल्या जाहिरातीसुद्धा गाळत नाही.

15 ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, राज्यात वाचन प्रेरणा दिन असतो. आम्ही तो चुकवत नाही. बातम्यांत दाखवतात.

परवा दुपारी दीड तास वीज गेली. नाइलाजाने 'मृत्युंजय' काढली. चौतिसाव्या पानावर खुणेला ठेवलेलं एसटीचं तिकीट निघालं, शाई पार उडालेली. छत्तिसाव्या पानावर असताना पंखा फिरला. तिकीट दोन पानं पुढे सरकवलं आणि बॉक्स पुन्हा जागच्या जागी ठेवला.