निफाडचा

भूगर्भशास्त्राच्या प्रत्येक बॅचमध्ये एक निफाडचा असतो. नसलाच तर येवल्याचा किंवा सिन्नरचा कुणी ती जागा भरून काढतो, पण अस्सल माल निफाडचाच. वर्गात एरवी तो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. डिसेंबरात अभ्याससहल भंडारदऱ्याला निघते, घोटी मागे पडते, मुली बसच्या खिडक्या लावून घेतात आणि निफाडच्याला कंठ फुटतो.

"ही काय थंडी आहे का?"

थंडी हे त्याच्या घराण्याचं वतन आहे. राज्यातला नीचांकी पारा अनेकदा निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदला जातो आणि पेपरात छापून येतो, त्याचं सगळं श्रेय तो स्वतःकडे घेतो. २०१८च्या डिसेंबरात पारा १.८ अंशांवर आला होता, हे तो आपला दहावीचा टक्का सांगावा तसं सांगतो. मग द्राक्षबागा निघतात. कडाका वाढला की मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे उठून बागेत शेकोट्या करायच्या, ठिबक चालू करायचं, बाप एका टोकाला आणि आपण दुसऱ्या. हे सांगताना तो खरंच छान बोलतो. तिथेच थांबला असता तर हे व्यक्तिचित्र लिहायची वेळ आली नसती.

पण त्याच्या सॅकमध्ये एक हाफ पँट, दोन टी-शर्ट आणि जिऑलॉजीचा हातोडा एवढंच असतं. आजीनं कोंबलेली कानटोपी त्यानं एसटी स्टँडवरूनच घरी परत पाठवलेली असते.

यंदा मुलांना तंबू धरणाच्या पाण्याकाठीच हवे होते. कारण उघड आहे, फोटो. मी म्हटलं, आभाळ निरभ्र आहे, वर ढगांचं पांघरूण नाही. जमीन रात्रभर आपली ऊब आभाळाला देऊन टाकणार आणि गार झालेली जड हवा उतारावरून घरंगळत नेमकी या खोलगटात येऊन बसणार. जरा वर, टेकाडावर राहू. निफाडच्यानं माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "सर, तुम्ही मुंबईचे."

तंबू पाण्याकाठीच लागले.

नऊ वाजता तो म्हणाला, "थंडी नाही, वारं आहे." वारं पडलं. दहा वाजता म्हणाला, "जमीन गार आहे, हवा तशी ठीक आहे." अकराला त्याचे दात वाजत होते, विचारलं तर म्हणे, गाणं गुणगुणतोय. एका मित्राचं ब्लँकेट त्यानं 'कापड बघायला' मागून घेतलं आणि ते बघणं बराच वेळ चाललं. दुसऱ्याचे मोजे त्याच्या हातांत दिसले. हातांत! मी काही बोललो नाही. वतनदाराची अब्रू असते.

मध्यरात्रीनंतर त्याला एकदम जबाबदारीची जाणीव झाली. "या भागात बिबट्या असतो. कुणीतरी जागं राहायला पाहिजे." बिबट्या असतो हे खरंच. मात्र पहारेकरी शेकोटीच्या इतका जवळ बसला होता की बिबट्याला आधी जाळ ओलांडावा लागला असता. सगळी लाकडं त्यानं एकट्यानं संपवली.

पहाटे स्वयंपाक करणाऱ्या मावशी आल्या, तर हा त्यांच्या चुलीपाशी हजर. "बाबा, जरा सरक," त्या म्हणाल्या, "भाकरी टाकायचीय. तुलाच भाजून काढू का?"

तंबूंवरचं दव गोठून पांढरं झालं होतं. नेटवर्क आलं तशी एका मुलीनं फोनवर निफाडचं तापमान काढून मोठ्यानं वाचलं. इथल्यापेक्षा जास्त होतं. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो डगमगला नाही. "आमच्या नांदूरमधमेश्वरला परदेशातून पक्षी येतात. उगाच येतात का थंडीला?"

"अरे, ते तिकडची थंडी चुकवायला येतात," ती म्हणाली.

तो चहाचा कप दोन्ही मोज्यांत धरून थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "आमची थंडी कोरडी असते. ही ओली आहे. हिला आम्ही धरतच नाही."

परवा त्याचा सहलीचा अहवाल तपासला. बेसाल्टच्या थरांच्या आकृत्या नीट काढल्या होत्या, स्फटिकांची मापंही बरोबर. 'हवामान' या रकान्यात लिहिलं होतं: आल्हाददायक. त्या पानावर तीन ठिकाणी वाहत्या नाकाचे डाग होते. मी दहापैकी आठ दिले.