सावलीला कुलूप

परवा दुपारी दोनच्या सुमाराला बँकेतून परतताना आमच्या बागेच्या फाटकापाशी थांबले. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून कुलपावर कुणीतरी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला, तो उन्हाने तडकला होता. आत पिंपळ, दोन जुने पर्जन्यवृक्ष, ओळीने सिमेंटची बाकं, बाकांवर दाट सावली आणि माणूस एकही नाही. बाहेर फुटपाथवर कुंपणाच्या सळयांना पाठ टेकून जेवणाची पार्सलं पोचवणारा एक मुलगा बसला होता. पिंपळाची सावली कुंपणाबाहेर जेवढी आली होती, तेवढ्यात मावण्यासाठी त्याने गुडघे छातीशी घेतले होते. गाडीची सीट तापू नये म्हणून तिच्यावर ओला रुमाल पसरला होता.

पाटीवर वेळ लिहिली आहे. सकाळी ६ ते ११, सायंकाळी ४ ते ९. शहरांतल्या इतरही कितीतरी बागा अशाच दुपारी बंद असतात.

आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या एका मावशींना मी या बागेबद्दल विचारलं. त्यांचं सकाळचं काम साडेबाराला आटपतं, दुसऱ्या सोसायटीतलं चारला सुरू होतं. मधल्या वेळात घरी जाऊन यायचं तर कामाचे पैसे रिक्षातच जातात. मग त्या डबा जिन्यात बसून खातात. “वॉचमन उठवतो हो ताई. मग खालच्या जिन्यात जाते. तिथला दुसरा उठवतो. बाग उघडी असती तर भाकरी तरी बसून खाल्ली असती.”

बागेची वेळ ठरवताना कुणाचा दिवस डोळ्यांपुढे ठेवला होता, ते या एका उत्तरात कळतं. सकाळी चालायला जाणारे, संध्याकाळी नातवंडांना घेऊन येणारे, ऑफिसातून सुटलेले, यांची सोय झाली. ज्यांना दिवसातले दोन तास मोकळे मिळतात आणि तेही भर दुपारीच, त्यांच्या तोंडावर फाटक बंद. घरकाम करणाऱ्या बायका, रात्रपाळी करून झोप पुरी झालेले, एका ऑर्डरची वाट पाहणारे, घरातलं सगळं आवरून मुलं शाळेतून यायच्या आत जरा मोकळा श्वास घेऊ पाहणाऱ्या गृहिणी. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी होत नाही. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७. या बायकांना ‘चाला, फिरा’ असं डॉक्टरही सांगतात आणि आरोग्य विभागही सांगतो. सकाळी सहाला त्या डबे करत असतात आणि संध्याकाळी सातला कुकर लावत असतात. त्यांचा वेळ दुपारचा आहे.

उन्हाळ्यात तर या वेळापत्रकाचा संताप येतो. दरवर्षी सूचना निघतात: दुपारी १२ ते ३ उन्हात फिरू नका, सावलीत थांबा. कुठल्या सावलीत? शहरातली सगळ्यात दाट, सगळ्यांच्या पैशाने वाढवलेली सावली नेमक्या याच तासांत कुलपात असते. अहमदाबादला मे २०१० मधल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली. त्यातून ते शहर शिकलं. २०१३ मध्ये त्यांनी उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे उन्हाळ्यात बागा दुपारीही उघड्या ठेवायला सुरुवात केली. त्यासाठी नवीन काही बांधावं लागलं नाही. किल्ली फिरवावी लागली.

कुलूप नसलेली जागा कशी जगते, हे बघायचं असेल तर दादरला जा. शिवाजी पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. सुमारे २८ एकरांचं मैदान आणि त्याच्या भोवती किलोमीटरभराहून थोडा जास्त लांबीचा कट्टा. हा कट्टाच त्या जागेचं खरं वैभव. कुंपण माणसाला बाहेर ठेवतं, कट्टा बसवून घेतो. पहाटे चालणारे, सकाळी पांढऱ्या कपड्यांतली पोरं आणि त्यांच्या किट बॅगा सांभाळत बसलेल्या आया, दुपारी डबा खाणारे, संध्याकाळी मित्रमंडळी, रात्री उशिरा घरात जागा नसलेली नवरा-बायको. एकाच दगडी बैठकीवर दिवसभरात इतक्या तऱ्हांची माणसं येऊन जातात आणि कुणी कुणाला उठवत नाही.

त्या मैदानाची कमाई कोण मोजणार? क्रिकेटचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांनी इथल्या मातीत पोरं घडवली, सचिन तेंडुलकर त्यातलाच एक. पण मला त्या एका नावापेक्षा बाकीचं दिसतं. नेट लावणारे, रोलर फिरवणारे, बॅटची मूठ बदलून देणारे, कपडे धुऊन-इस्त्री करून देणारे, शहाळी सोलणारे, आजूबाजूच्या गल्ल्यांतली खानावळ आणि वडापाव. मैदान नसतं तर यांतल्या कुणाचं पोट तिथे भरलं असतं?

आणि ६ डिसेंबर, बाबासाहेब आंबेडकरांचा स्मृतिदिन. चैत्यभूमीवर येणारे लाखो लोक याच मैदानात मुक्काम करतात. विदर्भातून, मराठवाड्यातून रेल्वेने, कडेवर पोर आणि डोक्यावर गाठोडं घेऊन. महापालिका मांडव, पाणी, शौचालयं उभी करते. आणि त्या मांडवांच्या ओळींतून पुस्तकं विकली जातात. छोटे प्रकाशक त्या दिवसासाठी नवी पुस्तकं छापून आणतात. मी स्वतः पाहिलंय, एक म्हातारे गृहस्थ स्टॉलपुढे उकिडवे बसून कोपरीच्या खिशातून घडी केलेल्या नोटा काढत होते. एकेक पुस्तक हातात घेऊन किंमत विचारत, मनातल्या मनात बेरीज करत होते. चार घेतली, एक परत ठेवलं, पुन्हा उचललं. वातानुकूलित सभागृहांतल्या ग्रंथप्रदर्शनांत एवढ्या असोशीने पुस्तक घेताना मी फार कमी लोकांना पाहिलं आहे. एका मोकळ्या मैदानाने वाचकांचा आणि प्रकाशकांचा बाजार वर्षानुवर्षं उभा केला आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथेच झाल्या. दर १ मेला राज्याचं संचलन इथेच होतं. एका समाजाला जमायला जागा लागते, आणि ती विकत घेता येत नाही.

तरी अंदाजपत्रकात बाग म्हणजे खर्च. माळ्यांचा पगार, पाणी, खत, झोपाळ्याची दुरुस्ती. जमेच्या बाजूला काही नाही, कारण बागेची कमाई पालिकेच्या तिजोरीत थेट पडत नाही, ती शहरात पसरते. बिल्डरला मात्र ती अचूक कळते. समोर बाग असलेल्या फ्लॅटचा भाव तो वेगळा लावतो, आणि खिडकीतून दिसणाऱ्या ज्या झाडांचे पैसे घेतो, ती झाडं त्याची नसतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा ज्यांनी केला, त्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने एकोणिसाव्या शतकातच हा हिशेब मांडला होता. बागेभोवतीच्या तीन वॉर्डांतल्या मालमत्तांचं मोल किती वाढलं, त्यातून शहराला कर किती जास्त मिळाला, हे त्याने आकड्यांत दाखवलं. बागेवर पैसे उधळले असं म्हणणाऱ्यांपुढे त्याने खातेवही ठेवली. आपल्याकडे कुठल्या पालिकेने अशी वही उघडली आहे?

आमच्या फाटकाबाहेरचा शहाळेवाला अकराला कुलूप लागलं की ताडपत्री ओढतो आणि चारला पुन्हा उघडतो. मोड आलेली कडधान्यं विकणारी बाई तर अकरानंतर दिसतच नाही. उन्हाळ्यात शहाळ्याला गिऱ्हाईक दुपारी असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. कमावत्या माणसाला घरी बसवावं तसं आपण रोज पाच तास त्या बागेला घरी बसवतो.

दुपारी बंद का, असं विचारलं की तीन उत्तरं मिळतात. पहिलं, झाडांना पाणी घालायचं असतं, झाडलोट करायची असते. मग पाच तास झाडता का? एका वेळी एक कोपरा झाडा, बाकीची बाग उघडी ठेवा. रेल्वे स्टेशनं माणसं चालत असताना झाडली जातात.

दुसरं उत्तर, गर्दुल्ले बसतात. रिकाम्या जागेत बसतात. जिथे पंचवीस बायका डबे उघडून बसल्या आहेत, तिथे बसत नाहीत. बागेचा सगळ्यात स्वस्त आणि चोख रखवालदार म्हणजे बागेतली माणसं.

तिसरं उत्तर जरा आवाज उतरवून मिळतं: जोडपी बसतात. बसू द्या. ज्या शहरात दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे दोघांनी बाकावर बसून बोलायचं नाही तर कुठे जायचं? एकमेकांशी बोलणारी दोन तरुण माणसं हा बागेचा गैरवापर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी बाग कशासाठी असते हे एकदा सांगावं.

जागा आधीच किती कमी आहे ते बघा. नगररचनेच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. मुंबईत ती सव्वा चौरस मीटरच्या आसपास येते. तीन वर्तमानपत्रं उलगडून जमिनीवर पसरा, तेवढा तुमचा वाटा. त्या वाट्यालाही दुपारी कुलूप.

आणि कुलूपबंद जागेवर डोळा लवकर जातो. वापरात नसलेली बाग नकाशावर रिकामी दिसते, आणि रिकामी दिसली की तिथे क्लब, पार्किंग, सभागृह असं काहीतरी सुचायला लागतं. बेंगळुरूच्या सदाशिवनगरात बागेची जागा एका खासगी रुग्णालयासाठी दिली गेली, तेव्हा तिथले रहिवासी कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९९१ मध्ये रहिवासी जिंकले. आपल्याकडे २०१६ च्या सुरुवातीला मुंबईतली मैदानं-उद्यानं दत्तक देण्याचं धोरण आलं, तेव्हा लोकांनी एवढा गलका केला की त्याला स्थगिती द्यावी लागली. भांडले ते रोज तिथे जाणारे. ज्या मावशींनी बागेचा आतला भाग कधी पाहिलाच नाही, त्या उद्या ती बाग गेली तर कशाला रस्त्यावर उतरतील?

माझी मागणी लहान आहे. एप्रिल आणि मे, दोनच महिने, आमच्या बागेचं दुपारचं कुलूप काढा. एक जास्तीचा माणूस नेमा, पिण्याच्या पाण्याचा नळ चालू ठेवा, बायकांच्या शौचालयाची कडी नीट करून घ्या. वॉर्ड ऑफिसात तसं पत्र दिलं आहे, पोच घेतली आहे.

उत्तर येईपर्यंत मी सोमवारपासून रोज दुपारी दीड ते साडेतीन फाटकासमोरच्या दुकानाच्या ओट्यावर वही घेऊन बसणार आहे. फाटकाशी कोण येतं, पाटी वाचून कोण परत जातं, शहाळ्याची ताडपत्री बघून कोण पुढे जातं, सगळं टिपणार आहे. दोन नोंदी झाल्याच आहेत. डिलिव्हरीचा मुलगा, कुंपणाबाहेर, पाऊण तास. मावशी, सी विंगचा जिना, मग बी विंगचा.