खात्रीशीर नकली मसाले कसे घ्यावेत?

मिसळणाच्या डब्यात सात वाट्या. त्यात जगाचा स्वयंपाक मावत नाही, म्हणून हौशी घरांत आता फळीवर बाटल्यांची रांग लागते. या रांगेत सगळा माल अस्सल हवा असा हट्ट धरणाऱ्याचे घर चालणे कठीण. तेव्हा शहाण्या ग्राहकाने नकली मालच घ्यावा. मात्र नकली मालातही प्रत असते, परंपरा असते, आणि ती पारखायला कोणी शिकवत नाही. पुढील सूचना त्या सोयीसाठी.

प्रारंभ केशरापासून करावा. एका फुलात तीन काड्या, त्या हाताने खुडायच्या, आणि किलोभर केशरासाठी सुमारे दीड लाख फुले वेचायची. जगातले बहुतेक केशर इराणात पिकते. काश्मिरात पांपोरच्या भागात होते ते त्या मानाने चिमूटभर. एवढ्या कष्टाच्या मालाची नक्कल झाली नसती तरच नवल. यात सर्वांत जुना मान करडईच्या फुलांचा. सोलापूरकडच्या शेतात जी काटेरी करडई तेलासाठी पेरतात, तिच्याच वाळल्या पाकळ्या जगभरच्या बाजारांत केशर म्हणून खपत आल्या आहेत. परीक्षा सोपी आहे. वाटीभर कोमट पाण्यात दोन काड्या टाकाव्यात आणि घड्याळाकडे पाहावे. पाणी टाकल्याटाकल्या लालभडक झाले आणि काडी पांढरीफटक पडली, तर माल रंगवलेला आहे; तो निःशंक घ्यावा, श्रीखंडाला झटपट रंग येईल. अस्सल काडी फार रेंगाळते. पाण्यात तिच्याभोवती आधी एक पिवळी रेघ सुटते, मग वाटी सावकाश सोनेरी होत जाते, आणि काडी आपली तांबडी ती तांबडीच. पाहुणे दारात उभे असताना असला माल काय कामाचा?

विक्रेत्याने मात्र आपण चुकीच्या शतकात जन्मलो नाही याबद्दल समाधान मानावे. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहरात केशराच्या भेसळीविरुद्ध कडक कायदा होता आणि माल तपासायला नेमलेली माणसे होती. 1444 साली योब्स्ट फिंडेकर नावाच्या व्यापाऱ्याला तिथे भेसळीबद्दल जिवंत जाळले, आणि सरणावर त्याचे केशरही ठेवले. मुद्देमाल जप्त करून गोदामात कुजवण्याची पद्धत नंतरची.

दालचिनीत फारसे शिकण्यासारखे नाही. श्रीलंकेची दालचिनी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी गुंडाळलेली. बाजारात सर्रास मिळते ती जाड सालीची, टणक, तिची चुलतबहीण. हिच्यात कुमारिन नावाचे द्रव्य जास्त असते आणि ते अती पोटात गेले तर यकृताला सोसत नाही, म्हणून जर्मन तज्ज्ञांनी 2006 साली नाताळच्या दालचिनी बिस्किटांवरून लोकांना सावध केले होते. उगमाबद्दल विचारल्यास दुकानदाराने प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा आधार घ्यावा. त्याच्या मते दालचिनीच्या काड्यांची घरटी मोठे पक्षी कड्यांवर बांधतात. अरब लोक खाली मांसाचे मोठाले तुकडे ठेवतात, पक्षी ते घरट्यात नेतात, आणि वजनाने घरटे खाली कोसळते. या गोष्टीनंतर भावात घासाघीस करायची ग्राहकाची छाती होत नाही.

वसाबीबाबत मार्ग आणखी सरळ आहे, कारण नकली नसलेली वसाबी सापडणेच मुश्कील. जपानात शिझुओका, नागानोकडे वाहत्या थंड पाण्यात वाढणारा हा कंद. तो आयत्या वेळी किसावा लागतो आणि पंधरावीस मिनिटांत त्याचा झणका उतरतो. नळीत भरून येते ती बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाची आणि मोहरीची पूड, वर हिरवा रंग. मराठी घराने यासाठी नळीसुद्धा घेऊ नये. थोडी मोहरी पाणी घालून फेसावी. नाकातून थेट टाळूला भिडणारे द्रव्य तिथेही तेच आहे. याच झणक्यावर झोपलेल्या माणसाला जागे करणारा आगीचा इशारा जपानी संशोधकांनी बेतला आणि 2011 सालचे इग नोबेल हे गमतीदार संशोधनाचे पारितोषिक मिळवले. आपल्याकडे हे काम लोणच्याच्या दिवसांत शेजारचे घर फुकट करते.

व्हॅनिलाचे फूल एकच दिवस उमलते. मेक्सिकोबाहेर ते फळ धरत नव्हते. 1841 साली रेयुनियाँ बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने आणि अंगठ्याने परागसिंचन करण्याची युक्ती शोधली, आणि मळेवाले गब्बर झाले. आल्बियस गरिबीतच मेला. 1874 साली जर्मन रसायनज्ञांनी सूचिपर्णी झाडांतल्या द्रव्यापासून व्हॅनिलिन बनवले. पुढे ते कागद गिरण्यांच्या सांडपाण्यातूनही निघू लागले. आइस्क्रीम खाताना यातले काही आठवू नये.

आता हिंग. येथे ग्राहकाची खरी परीक्षा आहे, कारण हिंग हाच मुळात डुप्लिकेट. प्राचीन रोमनांचा जीव सिल्फियम या वनस्पतीवर होता. ती आजच्या लिबियातल्या सायरीनीकडे उगवे. खाऊन खाऊन संपली. रोमन लेखक प्लिनी सांगतो की त्याच्या काळात एकच काडी सापडली आणि ती सम्राट नीरोला धाडण्यात आली. मग नाइलाजाने पर्शियाकडचा हिंग, हलका माल म्हणून, रोमच्या स्वयंपाकात शिरला. त्या हलक्या मालाची नक्कल म्हणजे आपला बांधानी हिंग: इराण-अफगाणिस्तानातून आलेला चीक, त्यात गव्हाचे पीठ आणि डिंक. हाथरससारख्या गावांत हा उद्योग पिढ्यानपिढ्या चालतो आणि तो पूर्ण कायदेशीर आहे. शुद्ध खडा चमच्यात धरून काडी लावली तर कापरासारखा पेटतो. ज्याचा पेटत नाही त्याने वाईट वाटून घेऊ नये. पोळीचे पीठ आमटीत आगाऊ पडले एवढेच. हिंगाची रोपे 2020 साली हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात लावली गेली आहेत. पण पाचेक वर्षे सांभाळल्याशिवाय झाड चीक देत नाही, तोवर फोडणी थांबवता येत नाही.

शेवटी रामपत्री. सह्याद्रीतल्या या झाडाच्या बीवरचे तांबडे वेष्टण जावित्रीसारखे दिसते, वास मात्र जेमतेम. परदेशी ग्रंथांत तिची नोंद ‘बॉम्बे मेस’ अशी, जावित्रीतली भेसळ म्हणून आहे. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत तीच रामपत्री स्वतःच्या नावाने, स्वतःच्या डब्यातून, दगडफूल आणि नागकेशराच्या शेजारी विकली जाते, आणि घरोघरच्या याद्यांत तोळ्याच्या हिशेबाने लिहिलेली असते. म्हणून जावित्री सांगून रामपत्री बांधून दिली, तर ग्राहकाने दुकानदाराशी अवश्य भांडावे. रामपत्री सांगून जावित्री दिली, तर पुडी डंकावर जाण्याआधी परत न्यावी आणि दुप्पट भांडावे.